आपलं चित्र कोण काढणार?

(बीड येथे झालेल्या युवा शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला, ‘कला म्हणजे काय आणि समाजाला तिचा उपयोग काय?’ मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. चित्रकार नाही, शायर नाही, गळाही बरा नाही. मग मलाच का बोलावलं, असं मी विचारलं. उत्तर आलं, ‘कलाकार आला की तो कलेचं कौतुकच करणार. आम्हाला हिशोब मागणारा माणूस हवाय.’ हे मला पटलं. म्हणून आज थोडा हिशोबच मांडतो.

आमच्या धंद्यात काम सुरू करण्याआधी एक गोष्ट करावी लागते. ज्या शब्दांवर सगळं उभं आहे, त्यांचा अर्थ आधी ठरवून घ्यायचा. नाहीतर ग्राहक एक समजतो, आपण दुसरंच बांधतो. तेव्हा आधी शब्दांकडे बघू.

आपल्याकडे या एका गोष्टीसाठी किती शब्द आहेत बघा. कला हा संस्कृत शब्द. जुन्या यादीत चौसष्ट कला सांगितल्यात. त्यात गाणं, नाचणं, चित्र काढणं आहे. पण स्वयंपाक, शिवणकाम, सुतारकाम आणि घर बांधण्याची विद्यासुद्धा आहे. फन हा अरबी शब्द, त्यावरून फनकार. हुनर हा फारसी. कारागीरही फारसीतूनच आला. आणि कसब! मूळ अरबी अर्थ कमाई. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ झाला हातातलं कौशल्य. म्हणजे कमाई आणि कौशल्य यांची एकाच शब्दात सोयरीक झाली.

पूर्वी कलाकार आणि कारागीर यांच्यात आजच्याएवढी मोठी भिंत नव्हती, हे या शब्दांवरून कळतं. कला म्हणजे मुंबईच्या आर्ट गॅलरीत काचेआड ठेवलेली, आपल्याला न परवडणारी वस्तू, हा समज अलीकडचा आहे. आणि तो आपल्या अंगाशी आलाय. कारण त्यामुळे आपल्याला वाटतं की कला ही मोठ्या शहरातल्या, मोठ्या लोकांची भानगड. आपल्या मोहल्ल्यात ती नाहीच.

मराठीत या विषयावर जुना वाद आहे. ना. सी. फडके म्हणायचे, कला कलेसाठी. वि. स. खांडेकर म्हणायचे, कला जीवनासाठी. शाळेत आपण यावर निबंध लिहिलेत आणि शेवटी ‘दोन्हींचा समन्वय हवा’ असं लिहून गुण मिळवलेत. बाहेरच्या जगात टॉल्स्टॉयने १८९८ च्या सुमारास ‘कला म्हणजे काय?’ याच प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की एका माणसाने अनुभवलेली भावना जिच्यामुळे दुसऱ्याला लागते, पसरते, ती कला. हे माप त्याने इतकं कडक लावलं की स्वतःच्या गाजलेल्या कादंबऱ्याही बाजूला काढल्या.

मी या सगळ्यांतून आपल्या कामापुरती एक व्याख्या जुळवली आहे. तिच्यात तीन अटी आहेत. पहिली, कामात कसब हवं. दुसरी, नुसती गरज भागवायला लागतं त्यापेक्षा काहीतरी जास्त त्यात ओतलेलं हवं. तिसरी, ते दुसऱ्या माणसापर्यंत, अगदी अनोळखी माणसापर्यंत पोहोचायला हवं. या तिन्ही अटी जिथे पूर्ण होतात, तिथे मी कला म्हणेन. मग ते चित्र असो, ओवी असो, विहीर असो किंवा गोधडी.

आता व्याख्या केली की तपासून बघावी लागते. त्यासाठी आपण जिल्ह्याच्या बाहेर जायचं नाही.

पहिली तपासणी खजाना बावडीची. इथल्या बहुतेकांनी ती पाहिली असेल. शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर आहे. १५८२ साली, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाने ती बांधवून घेतली. नगरजवळच्या डोंगरावर लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात, ती खरं तर याच सलाबतखानाची कबर. बावडीचा आराखडा केला राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराने. आत बोगदे आहेत. दोन बोगद्यांतून पाणी येतं, एकातून बाहेर शेताकडे जातं. पंप नाही, वीज नाही. सगळा खेळ जमिनीच्या उताराचा.

इंजिनिअर म्हणून मला तिथे गेल्यावर आधी हेवा वाटतो. मी लिहिलेला प्रोग्रॅम पाच वर्षं टिकला तर मी पेढे वाटतो. इथे साडेचारशे वर्षांपूर्वीचं काम उभं आहे. पण मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. नुसतं पाणी वाहून न्यायचं असतं तर एवढा देखणा गोल घेर साधायची गरज नव्हती. दगड इतके नीट घडवायची गरज नव्हती. ज्याला फक्त काम उरकायचंय, तो एवढं करत नाही. पाणी भरायला कोण येणार हे त्या गवंड्यांना ठाऊक नव्हतं. तरी त्या न पाहिलेल्या माणसासाठी त्यांनी जास्तीचं काम केलं.

आणि नावं बघा. सरदार सलाबतखान, आखणी राजा भास्करांची, दगड घडवणारे हात कुणाचे ते इतिहासाने लिहून ठेवलेलं नाही. पाणी कुठल्या शेताला जाईल हे जमिनीचा उतार ठरवत होता. आज कुणी तुम्हाला विचारलं की ही वास्तू हिंदू की मुसलमान, तर त्याला आधी त्या पाण्याची जात विचारायला सांगा.

दुसरी तपासणी शब्दांची. आपला जिल्हा म्हणजे दुष्काळ, हे आपण इतकं ऐकलंय की इथे भाषेचं पीक किती आलं हे विसरलो. अंबाजोगाईत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्याच अंबाजोगाईचं निजामाच्या राज्यात नाव होतं मोमिनाबाद. जुन्या माणसांच्या तोंडात अजून ते येतं. तिथेच सोळाव्या शतकात दासोपंत राहिले. त्यांनी ‘पंचीकरण’ हा तत्त्वज्ञानाचा विषय कापडावर लिहिला. सुमारे चाळीस फूट लांब पासोडीवर, ओव्या आणि आकृत्यांसह. ती पासोडी आजही अंबाजोगाईत जपून ठेवलेली आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडं कापड. थंडीत ज्यात गुरफटून बसायचं, त्या वस्तूचं त्यांनी पुस्तक केलं.

त्याच सुमारास आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याचे शेख महंमद मराठीत लिहीत होते. तुमच्यापैकी किती जणांना हे नाव माहीत होतं? हात वर करा. चार-पाच. माझंही शालेय शिक्षण याच जिल्ह्यात झालं आणि दहावीपर्यंत मला कुणी त्यांचं नाव सांगितलं नव्हतं. शेख महंमद पुढे श्रीगोंद्याला स्थिरावले, तिथेच त्यांची समाधी आहे. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा मोठा ग्रंथ, अठरा प्रसंगांचा. माणसाची स्वतःच्या आतल्या शत्रूंशी चाललेली लढाई हा त्याचा विषय. परंपरा सांगते की त्यांचे गुरू चांद बोधले हे कादरी सूफी, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही त्याच चांद बोधल्यांचे शिष्य. वारकरी मंडळी शेख महंमदांना कबिराचा अवतार मानतात.

मला त्यांच्याबद्दल सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं. त्यांनी आपलं मुसलमान असणं लपवलं नाही. त्या काळी मुसलमानाला ‘अविंध’ म्हणत. तो शब्द ते स्वतःबद्दल उघड वापरतात. आणि मराठीही उसनी घेतल्यासारखी वापरत नाहीत. ओवी छंद त्यांच्या घरचा आहे. ढोंगावर बोलायचं तेव्हा दोन्हीकडच्या ढोंगावर बोलतात. आज आपल्याला जो प्रश्न विचारला जातो, ‘तुम्ही आधी मुसलमान की आधी मराठी?’, त्याला चारशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसाने वाद न घालता उत्तर दिलं. ग्रंथ लिहून दिलं.

मराठीच्या तोंडात आपले शब्द किती आहेत तेही मोजा. कागद फारसी, शाई फारसी, दौत अरबी. रंगमंचावर जा. शाहीर हा अरबी शब्द, त्याच्या हातातला डफ अरबी, आणि तमाशासुद्धा तिकडूनच आलेला. उद्या हे शब्द परत मागायचं ठरवलं तर शिवजयंतीचा पोवाडा कोण गाणार आणि कशावर लिहून घेणार? आपण परत मागत नाही. कारण ते आता आपलेच आहेत, म्हणजे सगळ्यांचे.

तिसरी तपासणी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. ती बायकांची.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यात आपल्या माजलगावच्या बाया आहेत. तिथल्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रण झालं. बाबासाहेबांवरच्या ओव्या तिथल्या बायांनी गाइल्या. ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांनी राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाचा इतिहास जात्यावर पाठ ठेवला. आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर तुम्ही त्या मोबाईलवर ऐकू शकता.

आता याला जोडून आपल्या घरातली गोष्ट. दख्खनीत ‘चक्कीनामा’ नावाचा प्रकार आहे. चक्की म्हणजे जातं. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने विजापूरच्या सूफींचा अभ्यास करताना हे साहित्य उजेडात आणलं. सूफींनी दळणाऱ्या बायकांसाठी साध्या दख्खनीत गाणी रचली. एका चक्कीनाम्यात जात्याच्या दांड्याला अलिफची, म्हणजे पहिल्या अक्षराची उपमा आहे. तसाच चरखानामा, सूत कातताना म्हणायचा. ईटन यांचं म्हणणं असं की दख्खनच्या खेड्यांत सूफी विचार पोथीपेक्षा या गाण्यांतून घराघरात पोहोचला.

म्हणजे एका घरात ओवी, शेजारच्या घरात चक्कीनामा. दळण एकच, पहाट एकच, हातावरचे घट्टे एकसारखे. आपण घरी ‘नक्को’ म्हणतो आणि बाजारात ‘नको’ म्हणतो, तेवढाच तो फरक. या बायांना कुणी कलाकार म्हटलं नाही. पुरस्कार नाही, मानधन नाही. माझ्या व्याख्येच्या तिन्ही अटी मात्र त्या पूर्ण करतात. यमक जुळवायचं कसब आहे. पीठ पडायला गाण्याची गरज नसते, तरी गाणं आहे. आणि त्या बाईला न ओळखणाऱ्या माणसापर्यंत, माझ्यापर्यंत, ते पोहोचलंय.

हे सांगताना मला माझ्या बहिणीबद्दल बोललं पाहिजे. तिची परवानगी घेऊनच बोलतोय. आपल्याकडे शाळेत चित्रकलेच्या सरकारी परीक्षा असतात, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. तिला दोन्हींत ए ग्रेड. मला सी. दहावीनंतर मी इंजिनिअरिंगच्या रस्त्याला लागलो. तिला कला शिक्षकाचा डिप्लोमा करायचा होता. घरात म्हणाले, चित्र काढून काय मिळणार? शिवाय माणसांची चित्रं काढणं बरं नव्हे. ती गप्प बसली. आज ती मेंदी काढते. लग्नाच्या हंगामात तिला उसंत नसते. नवरीच्या कोपरापर्यंत ती जी नक्षी भरते ती बघताना मला भूमितीचा तास आठवतो; एका वर्तुळातून दुसरं, त्यातून वेल. लोक पैसे देतात, पण म्हणतात काय? ‘तिला मेंदीची हौस आहे.’ माझ्या कामाला करिअर म्हणतात, तिच्या कामाला हौस. दोघांचं शिक्षण एकाच घरात थांबवायचं किंवा पुढे न्यायचं ठरलं होतं. हा फरक हाताच्या कसबाने ठरवला नाही, तो आपण ठरवला.

आता आक्षेपांकडे येऊ. मला माहीत आहे, मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली असेल. ‘भाई, हे सगळं ठीक आहे, पण संगीत, चित्र, हे आपल्यात चालतं का?’

मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण इतिहास सांगतो की या प्रश्नावर मुसलमानांत एकच मत कधीच नव्हतं. इमाम गझालींनी आपल्या ‘इह्या’मध्ये समावर, म्हणजे भक्तिसंगीत ऐकण्यावर, स्वतंत्र प्रकरण लिहिलंय. सरसकट बंदी त्यांना मान्य नव्हती. काय ऐकताय, कोण ऐकतोय, मनात काय जागं होतंय, हे बघा, अशी त्यांची मांडणी आहे. आणि आपल्यापासून फार लांब नाही, खुलदाबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांची दर्गाह आहे. निजामुद्दीन औलियांचे ते शिष्य, १३३७ साली वारले. समाचे ते एवढे चाहते होते की त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. त्यांनी समा सोडला नाही. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी ऐकू नये. तो त्यांचा हक्क. पण ‘आपल्यात हे नव्हतंच’ असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. आणि ज्याला चित्र नको, त्याच्यासाठी सुलेखन आहे, नक्षी आहे, वास्तू आहे, शब्द आहेत. दार एकच नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. पोटाचा. दरवर्षी दसऱ्या-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून किती कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. इथेही अशा घरांतली मुलं-मुली बसली आहेत. त्यांना ‘कला जोपासा’ म्हणणं ही थट्टा नाही का?

याचं उत्तर मला बार्शीत सापडतं. बार्शी बीडपासून फार लांब नाही. तिथला मेहबूब हुसेन पटेल नावाचा गरीब घरातला मुलगा पुढे शाहीर अमर शेख झाला. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात तो गिरणी कामगारांसमोर गायला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याच्या आवाजाने मैदानं भरली. त्याला ऐकायला येणाऱ्यांची पोटं भरलेली नव्हती. पाळी संपवून, घामाने भिजलेले लोक यायचे. पोट भरलं की मग कला, हा क्रम खऱ्या आयुष्यात नसतो. जातं ओढणारीलाच गाणं लागतं. आपली मागणी आपण नेमकी केली पाहिजे: मजुरी वाढवा, मुलांच्या शाळा तुटू देऊ नका, आणि गाणंही हिरावून घेऊ नका. एकाच्या बदल्यात दुसरं, असा सौदा आपण का करायचा?

आता विषयाच्या दुसऱ्या भागाकडे. समाजाला उपयोग काय?

एक साधा प्रयोग करा. पुण्यात माझ्या कंपनीत कुणाला सांगा, मी बीडचा. लगेच दोन गोष्टी येतात: दुष्काळ आणि गुन्हेगारी. मग नाव सांगा. आणखी दोन गोष्टी त्याच्या डोळ्यांत येतात, तो बोलून दाखवत नाही एवढंच. आपण बीडचे मुसलमान म्हणजे दोनदा दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रात राहतो. सिनेमात आपण तीनच कामांना येतो: बंदूकवाला, कव्वाल, आणि नायकासाठी जीव देणारा भला चाचा. एसटीच्या स्टँडवर पंक्चर काढणारा, त्याच वेळी मुलीच्या नीटच्या फीची काळजी करणारा बाप त्यात नाही. ऊसतोडीला गेलेली रुखसाना नाही. रमजानमध्ये कंपनीच्या मीटिंगमध्ये खजूर खिशात ठेवून बसलेला मी नाही.

आपण यावर काय करतो? व्हॉट्सअ‍ॅपवर निषेध करतो. निषेध करावा, जरूर करावा. पण निषेधाने वाईट चित्र फार तर खाली उतरवता येतं, भिंत मोकळीच राहते. तिथे आपलं चित्र लावायला ते कुणीतरी काढावं लागतं.

आपल्या आधीच्या पिढीने हे ओळखलं होतं. हमीद दलवाईंची ‘इंधन’ कादंबरी १९६५ ची. कोकणातलं मुस्लिम आयुष्य मराठी वाचकांसमोर तिने आतून मांडलं. त्यांच्या सगळ्या मतांशी सहमत व्हा किंवा होऊ नका, कादंबरी वाचा. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या माणसांनी त्या चळवळीला आयुष्य दिलं. मराठवाड्यातच फ. म. शहाजिंदे मराठीत कविता लिहीत आले. ही मंडळी मराठी समाजाकडे काही मागायला गेली नव्हती. ती सांगत होती की या घरात आम्हीही राहतो, आमच्या खोलीतला दिवा लागलेला आहे, बघा.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. आज यंत्रं चित्र काढतात, गाणी बनवतात. तुम्ही सगळ्यांनी करून बघितलं असेल. मी एकदा अशा एका प्रोग्रॅमला सांगितलं, ‘मराठवाड्यातल्या गावातलं मुस्लिम लग्न काढ.’ काही सेकंदांत चित्र आलं. झुंबरं, हवेली, जरीची शेरवानी, मागे संगमरवरी कमानी. सुंदर होतं. पण त्यात पत्र्याचं शेड नव्हतं. अंगणातला मंडप नव्हता. पंगतीत दालचा वाढणारा मामू नव्हता. आहेर घेऊन आलेले शेजारचे पाटील नव्हते. हिरव्या बांगड्या भरलेली, नऊवारीतली दादी नव्हती.

असं का झालं, हे मी तुम्हाला तांत्रिक माणूस म्हणून सांगू शकतो. यंत्राचा आपल्यावर राग नाही. जे आधी कुणीतरी काढलंय, लिहिलंय, टिपलंय, त्यावरूनच ते शिकतं. आपलं लग्न कुणी पुरेसं काढलं नाही, लिहिलं नाही, म्हणून यंत्राला ते माहीत नाही. यापुढे शाळेतली मुलं याच यंत्राला प्रश्न विचारणार. त्यांच्या पुस्तकातली चित्रंही हेच काढणार. तेव्हा आपण काही केलं नाही, तर आपल्याच नातवंडांना आपलं घर झुंबराचं दिसेल आणि त्यांना वाटेल, आपले आजा-आजी कुठेतरी लखनौला राहत होते.

म्हणून समाजाला कलेचा उपयोग काय, या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. जे लोक एकमेकांना कधी भेटणार नाहीत, त्यांना कला एकमेकांची ओळख करून देते. राजा भास्कराची ओळख मला बावडीने करून दिली. माजलगावच्या त्या बायांची ओळख ओवीने. आणि ज्या समाजाची कला मुकी होते, त्याची ओळख दुसराच कुणीतरी करून देतो, त्याला हवी तशी.

भाषण ऐकून घरी गेलात आणि काहीच केलं नाहीत तर माझा आणि तुमचा रविवार वाया गेला. म्हणून चार कामं सांगतो. चारही फुकट आहेत.

एक. या आठवड्यात घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसा. नानी, दादी, शेजारची खाला, मावशी. लग्नात, हळदीत, दळताना, पाळण्यापाशी काय म्हणायच्या ते विचारा. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा, अर्थात त्यांना विचारून. सुरुवातीला त्या लाजतील, ‘मला काय येतंय’ म्हणतील. चहा करा आणि पुन्हा बसा. रेकॉर्डिंगला गावाचं नाव आणि तारीख द्या. नाहीतर दोन वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही काय आहे ते.

दोन. खजाना बावडीला जा. सेल्फी काढा, हरकत नाही. पण मग वहीवर तिचा आराखडा काढून बघा. कुठून पाणी येतं, कुठे जातं. हाताने रेघ ओढली की डोळ्याला दिसायला लागतं. वाहिऱ्याला जा, अंबाजोगाईला जा. आपल्या जिल्ह्याचं पर्यटन आपणच सुरू करू.

तीन. मराठीत लिहा. उर्दूत लिहिता येत असेल तर उर्दूतही लिहा, दख्खनीत बोलता तसं लिहा. पण मराठीत जरूर लिहा. कारण शेजारी मराठी वाचतो. मोठं काही नको. तुमच्या गल्लीतल्या चहावाल्यावर एक पान. आईच्या शिलाई मशीनवर एक पान. ‘मुसलमान चांगले असतात’ हे सिद्ध करायला लिहू नका; तसं लिहिलं की कृत्रिम होतं. खरं लिहा. आपली भांडणं, आपली लबाडी, आपले विनोदसुद्धा त्यात येऊ द्या.

चार. हे मुलांसाठी आहे, विशेषतः ज्यांना बहिणी आहेत. घरात कुणी चित्र काढत असेल, गात असेल, लिहीत असेल, आणि ती मुलगी असेल, तर तिच्या बाजूने एकदा अब्बांशी बोला. मेंदी काढणारीला तिच्या कामाचा पूर्ण दाम मिळतोय का ते बघा. ‘घरचंच आहे’ म्हणून फुकट काढून घेऊ नका. माझ्या बहिणीची इंटरमिजिएटची ए ग्रेडची प्रशस्ती मागच्या वर्षी मी फ्रेम करून तिच्या घरी लावली. तिच्या मुलीने विचारलं, अम्मी, हे तुझं आहे? आता तीही चित्र काढते आणि तिला कुणी अडवत नाही.

प्रश्नोत्तरांसाठी मी थांबलेलो आहे. विशेषतः मागच्या रांगेतल्यांसाठी. तुमचे आक्षेप मला ऐकायचे आहेत.